फिटलेल्या ऋणाचे गाणे : रेव्हरंड नारायण वामन टिळक

इंदुराहून दक्षिणेस निघालेल्या प्रवाशास असीरगड मागे पडला की थोड्याच वेळात तापीकाठचे बुऱ्हाणपूर लागते. इतवारा, बुधवारा, शनवारा अशी वारांची नावे ल्यालेले तेथील मोहल्ले जुन्या मराठी घराण्यांच्या ओळखीचे आहेत. फारुकी, मोगल, शिंदे, इंग्रज अशा कितीएक राजवटी या गावाने पाहिल्या. इंग्रजी अमलात, १८८१ साली, अर्नेस्ट वॉर्ड व त्यांच्या पत्नी फीबी हे अमेरिकन दांपत्य येथे येऊन राहिले. फ्री मेथडिस्ट पंथाचे हे धर्मोपदेशक. मनुष्याच्या पापाचे प्रायश्चित्त ख्रिस्ताने स्वतःच्या प्राणाने केले आहे, हे भेटेल त्याला सांगावे, एवढाच त्यांचा उद्योग. पुढे ते मध्यप्रांतात व वऱ्हाडात फिरत राहिले. आज बुऱ्हाणपुरातही त्यांचे नाव फारसे कोणास ठाऊक नसेल.

परंतु बुऱ्हाणपुरास आल्यानंतर बारा वर्षांनी या वॉर्डसाहेबांच्या हातून एक गोष्ट घडली, आणि तिचे पडसाद मराठी कवितेत, मराठी भजनात व एका मराठी घराच्या सुखदुःखात उमटले. आगगाडीच्या डब्यात त्यांनी एका ब्राह्मण प्रवाशास नवा करार वाचावयास दिला. त्या प्रवाशाने आपल्या आठवणीत साहेबाचे नाव सांगितलेले नाही. नंतरच्या अभ्यासकांनी ते वॉर्ड होते अशी ओळख पटविली. प्रवासी होते नारायण वामन टिळक.

शाळेत ज्यांनी ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता पाठ केली आहे, त्यांना टिळकांची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. बाणाने विद्ध झालेली पक्षीण चोचीतला घास पिलांपर्यंत पोहोचवून प्राण सोडते, हे चित्र मराठी मुलांच्या कितीतरी पिढ्यांनी डोळे भरून पाहिले. पण त्याच टिळकांच्या धर्मांतराचा विषय निघाला की आपल्या जुन्या घरांतून अजूनही आवाज जरा खाली येतो. कवी थोर, पण बाटला, असे म्हणून गोष्ट संपविली जाते. ती तेवढ्यात संपणारी नाही.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे, कोकणस्थ ब्राह्मण कुळात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक. आई जानकीबाई कोमल मनाची, भक्तिभावाची. ती लवकर गेली आणि मुलाचे घर सुटले. मातृछत्र हरपलेला हा मुलगा नाशिकास आला व गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. काव्य, अलंकार, वेदान्त यांत गती मिळाली, थोडे इंग्रजीही झाले. मात्र एका जागी टिकून राहणे त्यांच्या प्रकृतीतच नव्हते. गावे बदलली, नोकऱ्या बदलल्या. हातात आलेला पैसा मागेल त्याला द्यावा आणि मनात आले की उठून चालू लागावे, असा हा पुरुष होता.

१८८० च्या सुमारास त्यांचे लग्न झाले. वधू नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, सासरची लक्ष्मी. तिच्या माहेरच्या सोवळ्याची हकीकत तिनेच पुढे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. वडिलांना विटाळाची अशी धास्ती बसली होती की बाजारातून आलेले वाणसामान, मीठसुद्धा, धुऊन मग घरात घ्यावयाचे. मीठ धुतले तर हाती काय राहणार? पण शुद्धीची ती तहान खरी होती, आणि ती पाण्याने भागत नव्हती. टिळकांच्या पुढच्या आयुष्याचा प्रश्न एका अर्थी या सासुरवाडीच्या अंगणातच मांडलेला होता. माणूस शुद्ध कशाने होतो?

त्या काळी प्रायश्चित्त हा शब्द मराठी घरांत आजच्याइतका पुस्तकी नव्हता. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये सभेसाठी जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापविली, आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन पोहोचले. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषाने अखेर १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, आणि त्यांच्या चाहत्यांस त्याचे फार वाईट वाटले. हे प्रायश्चित्त अंतःकरणातल्या पापासाठी नव्हते. समाजात राहता यावे म्हणून होते. धर्मशास्त्रातील मूळ कल्पना याहून गंभीर आहे. केलेल्या कर्माचा दोष कर्त्यानेच उपवासाने, व्रताने, दानाने फेडावा. करावे तसे भरावे. यात न्याय आहे, पण फेड पुरी झाली की नाही हे कर्त्यास कधीच कळत नाही. संवेदनशील मनाला हीच टोचणी लागते.

टिळकांस ती लागली. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते, ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवीत होते. वेदशास्त्र पाहून त्यांचे समाधान होईना. ईश्वर एक, सर्व माणसे त्याची लेकरे, जातिभेद व मूर्तिपूजा यांवाचून चालेल असा एखादा नवा धर्मच आपण मांडावा, येथवर त्यांचे विचार गेले होते. देशाची अवनती धर्माच्या अवनतीतून झाली, असे त्यांना मनापासून वाटे.

१८९३ साली नोकरीसाठी ते नागपूरहून राजनांदगाव संस्थानास निघाले असताना ती आगगाडीतली भेट झाली. साहेबाने आदराने जागा दिली, कवितेच्या गप्पा केल्या, आणि उतरण्यापूर्वी नव्या कराराची प्रत हाती ठेवून दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांस ते धार्ष्ट्य वाटले. तरी वाचण्याचा शब्द दिला होता, म्हणून पेन्सिल घेऊन शंकास्थळांवर खुणा करीत ते वाचू लागले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, म्हणजे डोंगरावरच्या प्रवचनापाशी, ते आले आणि पुस्तक खाली ठेववेना.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. टिळकांस ख्रिस्ताने प्रथम ओढले ते नीतीच्या उंचीने, क्षमेच्या उपदेशाने. वधस्तंभावरील मरणाचा अर्थ त्यांच्या मनात नंतर उलगडला. ख्रिस्ती मत असे की मनुष्याचे ऋण इतके मोठे आहे की ते त्याला स्वतः फेडता येणार नाही. म्हणून देवानेच पुत्ररूपाने येऊन ते आपल्या अंगावर घेतले आणि फेडले. मनुष्याने पश्चात्ताप करून ते विश्वासाने स्वीकारावे. आपल्याकडच्या विचारी माणसास यावर तत्काळ शंका येते. एकाच्या पापासाठी दुसऱ्याने मरावे हा न्याय कसला? आणि फुकट मिळालेल्या क्षमेने पाप स्वस्त नाही का होणार? शंका जुन्या आहेत आणि खऱ्याही आहेत. टिळकांनी त्यांस तर्काने किती उत्तर दिले हे बाजूस ठेवू. त्यांच्या कवितेत मात्र ख्रिस्त न्यायासनासमोरचा जामीनदार म्हणून फार क्वचित दिसतो. तो दिसतो माउलीसारखा. लेकराचे दुखणे आई आपल्यावर घेते तेव्हा कोणी न्यायाचा हिशेब मागत नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाणीवर वाढलेल्या मराठी मनाला प्रायश्चित्ताचा हा अर्थ चटकन कळतो, आणि टिळकांना तो तेथूनच कळला. तुकारामाच्या सेतूवरून आपण येशूकडे आलो, असे ते नेहमी सांगत.

निर्णय मात्र सोपा नव्हता. नाव न देता त्यांनी ख्रिस्ती पत्रातून शंका विचारल्या, डॉ. अ‍ॅबट यांच्याशी पत्रव्यवहार झाला. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस भायखळ्याच्या अमेरिकन मिशनच्या देवळात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या पाद्र्याकडून न घेता रेव्हरंड तुकारामजी नथोजी या मराठी उपदेशकाच्या हातून घेण्याचा त्यांनी आग्रह धरला होता. नव्या धर्मात पाऊल टाकतानाही आपण मराठी आहोत व राहणार, हे त्यांनी त्या एका गोष्टीत सांगून टाकले.

मागे राहिल्या लक्ष्मीबाई. पदरी दत्तू हा लहान मुलगा. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. कपाळी कुंकू, पण सणासमारंभात कोणत्या रांगेत बसावे हा प्रश्न. पंढरपुरास, नाशिकास, नातलगांच्या आधाराने त्यांनी सुमारे साडेचार-पाच वर्षे काढली. जवळच्या माणसांनी त्यांना जपले, पण समाजाच्या जिभेपासून कोण कोणास जपणार? जगाचे ऋण दुसऱ्याने फेडले म्हणून टिळकांस शांती मिळाली, आणि त्या शांतीची किंमत काही काळ त्यांच्या बायकोने मोजली. टिळकांचे चरित्र लिहिणाऱ्याने ही गोष्ट झाकू नये. लक्ष्मीबाईंनी स्वतः ती झाकलेली नाही. फक्त विनोदाच्या पदराखाली ती अशी ठेवली आहे की वाचणारा हसता हसता थांबतो.

टिळकांनी पत्रांतून त्यांना बोलावणे सोडले नाही. नगरास त्या आल्या त्या आपले सोवळे घेऊन. वेगळी चूल, वेगळे पाणी. धर्म सांगणे ज्यांचे रोजचे काम, त्या टिळकांनी आपल्या घरात मात्र सक्ती केली नाही. लक्ष्मीबाई पाहत राहिल्या, भांडत राहिल्या, विचार करीत राहिल्या. माणसामाणसांतले उच्चनीच देवाने केलेले नाही, असे एके दिवशी त्यांच्या मनाने घेतले, आणि मग ज्याच्या हातचे पाणी चालत नसे त्याच्या हातचे त्या प्याल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून बायकोने बदलला, असे त्यांच्याविषयी कोणालाही म्हणता येणार नाही.

नगर हे अमेरिकन मराठी मिशनचे जुने ठाणे. १८१३ साली मुंबईस आलेल्या या मिशनने १८३१ साली तेथे काम सुरू केले. ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२ साली तेथूनच निघाले. टिळक तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवू लागले. १९०४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. राहुरीस त्यांनी मंडळीचे काम केले. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. या पदांपेक्षा मोठे काम त्यांनी केले ते गाण्यात.

दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या माणसाचा कान आधी चालीकडे जातो, म्हणून हे थोडे विस्ताराने सांगतो. मिशनऱ्यांनी मराठी मंडळींना प्रथम दिली ती बहुतेक भाषांतरित गीते, इंग्रजी चालींवर बसविलेली. त्या चाली आपल्या जागी सुंदर आहेत, पण त्यांचा आघात मराठी शब्दावर पडला की ऱ्हस्वाचे दीर्घ होते, दीर्घाचे ऱ्हस्व होते, आणि शब्द लंगडू लागतो. शब्द लंगडला की भाव पोहोचत नाही. याची जाणीव असलेले लोक टिळकांपूर्वीही झाले. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तचरित्र ओवीत रचले, आणि ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. नगरास कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडली. टिळकांनी हा धागा उचलला आणि त्यास खऱ्या कवीचा हात दिला.

अभंग म्हणजे काय, हे इतवाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत एकादशीच्या भजनास बसणाऱ्यांना सांगावे लागत नाही. सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा. तो अपुरा चरण आला की गाणारा क्षणभर थांबतो, टाळ पुढे सरकतात, आणि मागचे टाळकरी ती रिकामी जागा भरून काढतात. एकट्याने गावे आणि सर्वांनी पुरे करावे, अशी ती घडणच आहे. आपले ऋण आपल्याने फिटत नाही, ते दुसऱ्याने पुरे केले, हा विश्वास सांगावयास यापेक्षा योग्य साचा टिळकांस कोठे मिळता? ‘अभंगांजली’तील शंभराहून अधिक अभंग त्यांनी या साच्यात रचले. त्यांची गीते मराठी ख्रिस्ती मंडळीच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आली, आणि आजही नगर, पुणे, मुंबईच्या देवळांतून ती टाळ-तबल्यावर म्हटली जातात.

धर्म सांगण्याची जुनी रीत वादाची होती. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि पाद्री यांचे जे वाद झाले, त्यांची पुस्तके निघाली, दोन्ही बाजूंनी आपण जिंकल्याचे सांगितले. वादात तोंड बंद होते. मन उघडतेच असे नाही. टिळकांनी वाद सोडून कीर्तन धरले. आपले ऋण फिटल्याचा आनंद ज्याला झाला आहे त्याने तो गाऊन दाखवावा, ऐकणाऱ्याच्या देवाला शिव्या देऊ नयेत, हा त्यांचा मार्ग.

याचा एक पुरावा मराठी कवितेच्या इतिहासातच आहे. १९०७ साली जळगावास डॉ. कीर्तिकर यांच्या अध्यक्षतेखाली कविसंमेलन भरले. टिळक तेथे होते, आणि धरणगावचा एक सतरा वर्षांचा पोरही होता. तो त्र्यंबक ठोमरे, म्हणजे आपले बालकवी. पुढे बालकवी नगरास टिळकांच्या घरी येऊन राहिले, घरच्या मुलासारखे वाढले. टिळकांनी त्यांना कविता दिली, माया दिली, आपला विश्वासही लपविला नाही. बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले, आणि टिळकांच्या मायेत त्यामुळे उणे आले नाही.

तरीही टिळकांच्या मनास एक गोष्ट खात होती. मिशनचा पगार घेऊन सांगितलेला धर्म लोकांस पोटाचा धंदा वाटतो. ज्याने सर्व फुकट दिले त्याची गोष्ट पगारी माणसाने सांगावी यात विसंगती आहे. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. ख्रिस्ताचे शिष्यत्व मानणारे सर्व, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेही, तेथे एकत्र बसावेत अशी त्यांची कल्पना. दोन्ही बाजूंच्या कर्मठांस ती रुचण्यासारखी नव्हती. दरबार हा शब्दही पाहण्यासारखा आहे. संस्थानी दरबारात मानकऱ्यांच्या जागा ठरलेल्या असतात. या दरबारात जागा ठरविणारा कोणी नव्हता. संन्यासाची ओढ आणि संसारी माणसांची सेवा यांचे जे भांडण ‘वनवासी फूल’ या त्यांच्या दीर्घ काव्यात आहे, ते त्यांनी असे आपल्यापुरते मिटविले.

दरबारास दोन वर्षेही पुरी झाली नाहीत. प्रकृती ढासळली, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांचे निधन झाले. वय अठ्ठावन्नाच्या आत. दरबारही त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही.

त्यांच्या मागे एक काम अर्धे राहिले होते. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध लिहावे म्हणून १९०९ साली ‘ख्रिस्तायन’ त्यांनी आरंभिले होते. दहाएक अध्याय झाले आणि लेखणी थांबली. ती उचलली लक्ष्मीबाईंनी. ज्यांना लिहावाचावयास टिळकांनीच शिकविले, पाठशाळेचे तोंड ज्यांनी पाहिले नाही, त्यांनी उतारवयात साठांहून अधिक अध्याय रचून ग्रंथ वधस्तंभाच्या पुढे नेला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त याने लिहिला, आणि १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला.

नवऱ्याच्या विश्वासासाठी ज्या बाईने पाच वर्षे सोसले, तिनेच पुढे स्वतःचा विश्वास म्हणून ती कथा ओवीत सांगितली. टिळकांच्या प्रायश्चित्तविचाराची साक्ष हवी असेल त्याने त्यांच्या पाठशाळेतल्या व्याख्यानांपेक्षा या ग्रंथाकडे जावे. आपण तो विश्वास मानावा असे येथे म्हणणे नाही. घरोघरीच्या निष्ठा वेगळ्या आणि आदरणीय आहेत. पण करावे तसे भरावे, या आपल्या जुन्या हिशेबाशेजारी, दुसऱ्याने भरले म्हणून गाणाऱ्या एका मराठी माणसाचा आवाज शंभर वर्षांपूर्वी उमटला, आणि तो आवाज आपल्याच अभंगाचा होता. तो ऐकताना आवाज खाली आणण्याचे आपल्याला कारण नाही.